तारीख वाचली, फॉर्म नाही वाचले: त्रिपुरा २०२१

२५ नोव्हेंबर २०२१, गुरुवार. त्रिपुराच्या राजधानीत, आगरतळ्यात, सकाळपासून नगरपालिकांचं मतदान चालू आणि त्याच वेळी दिल्लीत सुप्रीम कोर्टात त्याच निवडणुकीवर सुनावणी चालू. इकडे मत पडतंय आणि तिकडे विरोधकांचे वकील सांगतायत की आमच्या उमेदवारांना, आमच्या मतदारांना बूथपर्यंत जाऊ देत नाहीयेत, काहीतरी करा. कोर्टाने केंद्राला सांगितलं की केंद्रीय दलांच्या अजून दोन कंपन्या ताबडतोब पाठवा, प्रत्येक बूथवर पुरेसे जवान ठेवा, बूथमध्ये सीसीटीव्ही नाहीत तर निदान पत्रकारांना अडवू नका. एक कंपनी म्हणजे प्रत्यक्ष बंदोबस्ताला उभे राहणारे साधारण शंभरेक जवान, म्हणजे दोन कंपन्यांचे दोनशे, आणि ते येणार कधी, पोचणार कुठे, तोवर अर्धा दिवस गेलेला. दोनच दिवस आधी याच कोर्टाने ही निवडणूक पुढे ढकलायला नकार दिला होता.

हे प्रकरण मी गेल्या काही वर्षांत तीन-चारदा परत काढून वाचलंय. दर वेळी कुणीतरी विचारतं की दंगा चालू असेल, उमेदवारांवर हल्ले होत असतील तर कोर्ट निवडणूक पुढे का ढकलत नाही, लोकांचा जीव महत्त्वाचा की तारीख. प्रश्न रास्त आहे. पण त्रिपुराच्या केसमध्ये मला वेगळंच काहीतरी दिसतं आणि ते कॅलेंडर समोर ठेवल्याशिवाय कळत नाही, म्हणून आधी कॅलेंडर.

पार्श्वभूमी थोडक्यात. त्रिपुरात डावे १९९३ पासून सलग २५ वर्षं, मार्च २०१८ मध्ये भाजप आलं, बिप्लब देब मुख्यमंत्री. २०२१ च्या मे मध्ये ममता बॅनर्जींनी बंगाल जिंकला आणि लगेच त्यांच्या तृणमूल काँग्रेसने त्रिपुराकडे मोर्चा वळवला, बंगाली भाषिक राज्य, त्यामुळे हिशोब सरळ होता. जुलैत प्रशांत किशोर यांच्या आयपॅक या निवडणूक सल्लागार कंपनीची टीम आगरतळ्याच्या हॉटेलात अडवून ठेवली गेली, ऑगस्टमध्ये तृणमूल नेते अभिषेक बॅनर्जींच्या ताफ्यावर हल्ला झाला, ऑक्टोबरमध्ये तृणमूलच्याच सुश्मिता देव यांच्या गाडीची तोडफोड. त्यातच बांगलादेशात दुर्गापूजेच्या मंडपांवर हल्ले झाले, त्याचे पडसाद ऑक्टोबरच्या शेवटी उत्तर त्रिपुरात उमटले, पानीसागरला जाळपोळ तोडफोड झाली, पुढे त्याबद्दल लिहिणाऱ्या वकील-पत्रकारांवर यूएपीए, म्हणजे दहशतवादविरोधी कायदा, लागला. म्हणजे वातावरण आधीच तापलेलं, आणि या सगळ्याच्या मधोमध नगरपालिकांच्या निवडणुका.

एकूण ३३४ जागा. आगरतळा महापालिकेच्या ५१ आणि बाकीच्या नगर परिषदा आणि नगर पंचायतींच्या. अर्ज भरायची मुदत संपली ३ नोव्हेंबरला, छाननी ५ ला, माघार ८ ला, मतदान २५ ला, मोजणी २८ ला. ८ तारखेला माघारीची वेळ संपली तेव्हा हिशोब लागला की ३३४ पैकी ११२ जागांवर भाजपचे उमेदवार बिनविरोध. म्हणजे दर तीन जागांमागे एक. उदयपूर, बिशालगढ असल्या ठिकाणी तर अख्खी नगर परिषदच बिनविरोध. मतदान व्हायच्या सतरा दिवस आधी तिथला निकाल लागला होता.

विरोधक, त्यात डावेही आणि तृणमूलही, म्हणाले की आमच्या लोकांना फॉर्म भरू दिले नाहीत, ज्यांनी भरले त्यांना घरी जाऊन दमदाटी करून मागे घ्यायला लावले. भाजपचं म्हणणं की यांच्याकडे माणसंच नाहीत, उमेदवार मिळाले नाहीत त्याचं खापर आमच्यावर फोडतायत. दोन्ही गोष्टी थोड्या थोड्या खऱ्या असू शकतात हे लक्षात ठेवा, तृणमूल तिथे जेमतेम चार महिने झाले आली होती, सगळीकडे उभं करायला माणसं असतील असं नाही. पण सीपीएम? पंचवीस वर्षं राज्य केलेल्या पक्षाला शंभरावर वॉर्डात एक माणूस मिळत नाही हे पचायला जरा जड जातं.

इथे एक माझी गोष्ट सांगतो, कारण फॉर्म न भरू देणं म्हणजे नेमकं काय ते बाहेरून कळत नाही. काही वर्षांपूर्वी एका मित्राच्या वहिनी आमच्याकडच्या एका नगरपंचायतीला उभ्या राहणार होत्या, गावाचं नाव नको. मी आपला कागदपत्रं बघायला. थकबाकी नसल्याचा दाखला, शौचालयाचा दाखला, जात पडताळणीची पावती, बँकेचं नवीन खातं, सगळं फाइलला लावलेलं. शेवटच्या दिवशी दुपारी दीडला सूचकाचा, म्हणजे उमेदवाराचं नाव सुचवून फॉर्मवर सही करणाऱ्याचा, फोन बंद. जो माणूस आदल्या रात्री आमच्यासोबत चहा पिऊन गेला तो गायब. त्याच्या घरी गेलो तर आई दारातच, म्हणाली तो पुण्याला गेलाय, आणि आमच्याकडे बघत पण नव्हती. कुणी काठी उगारली नाही, कुणाला खरचटलं नाही, पोलिसात जाऊन काय सांगणार, सूचकाचा फोन लागत नाही? शेवटी वीस मिनिटं राहिली असताना दुसरा माणूस मिळाला आणि फॉर्म गेला, वहिनी पुढे पडल्या ती वेगळी गोष्ट. पण त्या दिवशी मला कळलं की उमेदवार संपवायचा तर मतदानाच्या दिवशी काही करावं लागत नाही, तीन वाजायच्या आत केलं की झालं. आणि हे कायदा-सुव्यवस्थेच्या कुठल्याच रजिस्टरमध्ये येत नाही.

आता परत त्रिपुरा. प्रकरण सुप्रीम कोर्टासमोर आलं तेव्हा तारीख होती ११ नोव्हेंबर. परत वाचा, ११. अर्ज भरून झाले, छाननी झाली, माघार तीन दिवसांपूर्वी झाली. तृणमूलची याचिका थेट सुप्रीम कोर्टात, अनुच्छेद ३२ खाली, म्हणजे मूलभूत हक्कांसाठी थेट तिथे जायची जी वाट आहे त्या वाटेने. न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या बेंचने त्या दिवशी जी ऑर्डर केली ती तशी चांगली होती, की कुठल्याही पक्षाला शांततेत प्रचार करण्यापासून रोखलं जाणार नाही याची राज्य सरकारने आणि पोलिसांनी काळजी घ्यावी, ज्यांना धोका आहे त्यांच्या सुरक्षेचा निर्णय पोलिसांनी धोका बघून घ्यावा आणि काय केलं ते प्रतिज्ञापत्रावर सांगावं. पण शब्द बघा, प्रचार. प्रचार कोण करणार, जो रिंगणात आहे तो. जो ८ तारखेला बाहेर पडला त्याला या ऑर्डरचा उपयोग शून्य.

पुढचे दहा दिवस तक्रारी वाढत गेल्या. २१ नोव्हेंबरला तृणमूलच्या युवा नेत्या आणि अभिनेत्री सायोनी घोष यांना आगरतळ्यात अटक झाली, मुख्यमंत्र्यांच्या सभेजवळून जाताना घोषणा दिल्या म्हणून, आणि कलम कुठलं तर खुनाच्या प्रयत्नाचं पण. पोलीस ठाण्याच्या आवारातच तृणमूलच्या लोकांना मारहाण झाल्याचा आरोप झाला. दुसऱ्या दिवशी सायोनी घोष यांना जामीन मिळाला, तृणमूलचे खासदार दिल्लीत गृहमंत्रालयासमोर बसले आणि कोर्टात अवमान याचिका मेन्शन झाली, म्हणजे लवकर सुनावणी घ्या अशी विनंती झाली. ती लागली २३ ला, म्हणजे मतदानाला मधे एक दिवस.

२३ ची सुनावणी हा या केसचा गाभा. बेंच चंद्रचूड आणि न्या. विक्रम नाथ. तृणमूलचं म्हणणं, तुमची ११ तारखेची ऑर्डर पाळली जात नाहीये, आमच्या लोकांवर हल्ले चालूच आहेत, एफआयआर झाला तर उलटा आमच्यावरच होतो, अशा वातावरणात मतदान घेऊ नका. राज्यातर्फे महेश जेठमलानी, त्यांचं म्हणणं की बंदोबस्त पुरेसा आहे. कोर्टाने ढकलायला नकार दिला. निवडणूक पुढे ढकलणं हा शेवटचा आणि टोकाचा उपाय आहे, त्याच्या आधी जे जे करता येईल ते करून बघू, अशी भूमिका. आणि मग निर्देश दिले: पोलीस महासंचालक आणि कायदा-सुव्यवस्थेचे आयजी यांनी राज्य निवडणूक आयोगासोबत बसून केंद्रीय दलं किती लागतील ते ठरवावं आणि लागली तर मागवावी, पोलिसांनी कुणाची बाजू न घेता काम करावं, आणि किती तक्रारी आल्या, किती एफआयआर झाले, किती अटक झाली याचा तक्ता कोर्टाला द्यावा.

मला तो तक्त्याचा भाग सगळ्यात आवडला, खरं सांगतो. कारण आपल्याकडे पोलीस प्रतिज्ञापत्रात लिहितात की योग्य ती कारवाई करण्यात आली आहे, आणि त्या एका वाक्यात काहीही मावतं. तक्ता मागितला की रकाने भरावे लागतात. तक्रार अमुक, गुन्हा तमुक, अटक शून्य. शून्य लिहिताना हात थोडा तरी अडखळतो.

आता कायदा काय म्हणतो ते बघू, कारण बरेच जण म्हणतात की कोर्टाने हात झटकले. इतकं सोपं नाहीये ते. लोकसभा-विधानसभेसाठी अनुच्छेद ३२९ आणि नगरपालिकांसाठी २४३ झेडजी, दोन्हींचा मतलब एकच, निवडणूक चालू झाली की कोर्टाने मधे पडायचं नाही, जी काही तक्रार असेल ती निकालानंतर निवडणूक याचिका करून मांडा. हा धागा थेट १९५२ च्या पोन्नुस्वामी केसपर्यंत जातो, तिथे एकाचा अर्ज बाद केला होता आणि तो म्हणत होता की आत्ताच न्याय द्या, कोर्ट म्हणालं निवडणूक म्हणजे अधिसूचनेपासून निकालापर्यंतची सगळी प्रक्रिया, मधे थांबवता येणार नाही. मग २००० मध्ये अशोक कुमार केसमध्ये सुप्रीम कोर्टाने थोडी फट ठेवली, की निवडणूक नीट पार पडायला मदत होईल अशी ऑर्डर चालेल, पण ती अडेल, लांबेल, थांबेल अशी ऑर्डर नको. २३ नोव्हेंबरची ऑर्डर या फटीत बरोब्बर बसते. जवान पाठवा, चालेल. तारीख हलवा, नाही.

नगरपालिकांना अजून एक गोष्ट लागू होते ती म्हणजे अनुच्छेद २४३ यू, मुदत पाच वर्षं, त्याच्या आत नवीन निवडणूक झालीच पाहिजे. २००६ चं किशनसिंग तोमर विरुद्ध अहमदाबाद महापालिका हे प्रकरण यावर मुख्य आहे. त्यात पाच जजेसच्या घटनापीठाने सांगितलं की आयोगाने मुदतीत निवडणूक घ्यायचीच, सबबी चालणार नाहीत, मात्र दंगल, कायदा-सुव्यवस्था कोलमडणं किंवा नैसर्गिक आपत्ती असल्या अपवादात्मक परिस्थितीत उशीर समजून घेता येईल. बघा, म्हणजे दार पूर्ण बंद नाहीये. दंगल हे कारण कोर्टानेच मान्य केलेलं आहे. पण त्रिपुरात अडचण अशी की आधीची निवडणूक डिसेंबर २०१५ ची, मुदत डिसेंबर २०२० लाच संपलेली, कोविडमुळे एकदा ढकलून झालेली, जवळजवळ वर्षभर लोकनियुक्त नगरसेवकच नाहीत. अजून ढकला म्हणायचं म्हणजे अजून प्रशासक राज, आणि प्रशासक कुणाचा तर ज्या सरकारविरुद्ध तक्रार आहे त्याच सरकारचा. तृणमूलने मागितलेली गोष्ट मिळाली असती तर फायदा नेमका कुणाचा झाला असता याचा विचार त्यांच्या वकिलांनी केला असेलच, पण याचिकेत असं काही लिहिता येत नाही.

हे आपल्याला महाराष्ट्रात समजावून सांगायची गरज नाही. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, ओबीसी आरक्षण, वॉर्ड रचना, कोर्टात तारखा, आणि शेवटी ६ मे २०२५ ला सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं की चार आठवड्यांत अधिसूचना काढा आणि चार महिन्यांत निवडणुका घ्या, तरी मतदानाला जानेवारी २०२६ उजाडलं. जवळपास चार वर्षं. इथे दंगल नव्हती, कुणी उमेदवाराला मारलं नव्हतं, तरी एकदा घसरलेली तारीख परत रुळावर यायला एवढा वेळ लागला. त्यामुळे पुढे ढकलणं हा टोकाचा उपाय आहे असं कोर्ट म्हणतं तेव्हा मी तरी मान डोलावतो.

पण मग खरंच टोकाची वेळ कधी येते? याला आपल्याकडे एक उदाहरण आहे आणि ते भयंकर आहे. पंजाब १९९१. राज्य १९८७ पासून राष्ट्रपती राजवटीखाली, दहशतवाद ऐन भरात. २२ जूनला लोकसभा आणि विधानसभा दोन्हींचं मतदान ठरलेलं. प्रचाराच्या काळात वीसहून जास्त उमेदवार मारले गेले. उमेदवार, कार्यकर्ते नव्हेत. १५ जूनला लुधियानाजवळ दोन रेल्वेगाड्यांमध्ये घुसून अतिरेक्यांनी पाऊणशेच्या आसपास प्रवासी गोळ्या घालून मारले. आणि मतदानाला काही तास राहिले असताना, २१ जूनला, मुख्य निवडणूक आयुक्त टी. एन. शेषन यांनी निवडणूक पुढे ढकलली. राज्यपाल जनरल मल्होत्रा यांनी राजीनामा दिला.

यामागची एक कायद्याची गोष्ट फार कुणी सांगत नाही. तेव्हा लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कुठलाही उमेदवार, अगदी अपक्षसुद्धा, मतदानाआधी मेला तर त्या मतदारसंघाची निवडणूकच रद्द व्हायची. आता विचार करा, ज्याला निवडणूक होऊ द्यायची नाही त्याला हे कलम म्हणजे आयतं हत्यार. एखाद्या बिचाऱ्या अपक्षाला, ज्याला ना बॉडीगार्ड ना गाडी, त्याला गाठला की अख्खा मतदारसंघ थांबला. उमेदवाराच्या मृत्यूनंतर न्याय व्हावा म्हणून केलेलं कलम उमेदवाराच्या जिवावर उठलं. जानेवारी १९९२ मध्ये सरकारने अध्यादेश काढून अपक्षांना त्यातून वगळलं, १९९६ मध्ये अजून बदल झाला, आता मान्यताप्राप्त पक्षाचा उमेदवार गेला तर मतदान फक्त पुढे जातं आणि पक्षाला दुसरा उमेदवार द्यायला मुदत मिळते. ढकलणं सोपं ठेवलं की हिंसेला बक्षीस मिळतं, हे पंजाबने रक्ताने शिकवलेलं आहे.

पंजाबच्या ढकलाढकलीवर केसही झाली, दिग्विजय मोटे विरुद्ध भारत सरकार, निकाल १९९३. सुप्रीम कोर्टाने दोन गोष्टी एकदम सांगितल्या: अशांत परिस्थितीमुळे मुक्त आणि निष्पक्ष निवडणूक शक्य नसेल तर आयोग ती पुढे ढकलू शकतो, पण हा अधिकार बेलगाम नाही, मनमानी झाली तर कोर्ट तपासेल. म्हणजे ढकलायचा निर्णय मुळात आयोगाचा, कोर्ट फक्त तो तपासणार. २००२ ला गुजरातमध्ये पण हाच मुद्दा निघाला, दंगलीनंतर मुख्य निवडणूक आयुक्त लिंगडोह यांच्या आयोगाने ऑक्टोबरमध्ये निवडणूक घ्यायला नकार दिला, राष्ट्रपतींनी सुप्रीम कोर्टाचं मत मागवलं, कोर्ट म्हणालं निवडणुकीचं वेळापत्रक ठरवणं आयोगाचं काम, आणि मतदान डिसेंबरमध्ये झालं. त्रिपुरात मात्र राज्य निवडणूक आयोग ढकला असं म्हणतच नव्हता. तो म्हणत होता आम्ही तयार आहोत. अशा वेळी कोर्टाने स्वतःहून ढकलणं म्हणजे आयोगाची खुर्ची घेऊन बसणं.

आणि पंजाबचं पुढे काय झालं तेही बघा. शेवटी फेब्रुवारी १९९२ ला मतदान झालं, अकालींच्या बहुतेक गटांनी बहिष्कार टाकला, मतदान २४ टक्क्यांच्या आसपास, काँग्रेसला ११७ पैकी ८७ जागा. आठ महिने थांबून मिळालं ते हे. उलट त्रिपुरात न ढकलता ८१ टक्क्यांच्या आसपास मतदान झालं, पण तेवढ्यावरून त्रिपुरा ठीक आणि पंजाब वाईट असंही म्हणता येत नाही, जिथे मतदानच झालं नाही ते ११२ वॉर्ड या टक्केवारीत येतच नाहीत.

आता यातला सगळ्यात चमचमीत भाग, ज्यावर मी तेव्हा खूप हसलो होतो आणि नंतर वाईट वाटलं. तीन वर्षं मागे जा, बंगाल, पंचायत निवडणूक २०१८. तिथे सत्तेत तृणमूल. विरोधक भाजप आणि डावे, आणि तक्रार अगदी शब्दशः तीच, आम्हाला फॉर्म भरू देत नाहीत. राज्य निवडणूक आयोगाने ९ एप्रिलला रात्री अर्ज भरायची मुदत एक दिवस वाढवली आणि १० तारखेला सकाळी ती मागे घेतली. रात्रीत काय झालं देव जाणे. प्रकरण कलकत्ता हायकोर्टात गेलं, तिथे प्रक्रियेला काही दिवस स्टे लागला, पुढे ईमेलने पाठवलेले अर्ज ग्राह्य धरा असा आदेश झाला, त्याला सुप्रीम कोर्टाने मतदानाच्या तोंडावर स्थगिती दिली. जवळजवळ ५८ हजार जागांपैकी २० हजारांवर बिनविरोध. साधारण ३४ टक्के. त्रिपुरात? ११२ भागिले ३३४, साडेतेहतीस टक्के. पक्ष बदलले, बाजू बदलल्या, टक्का तोच.

२४ ऑगस्ट २०१८ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने त्या २० हजार बिनविरोध निवडी रद्द करायला नकार दिला. बेंचवर सरन्यायाधीश दीपक मिश्रा, आपले खानविलकर आणि चंद्रचूड, निकाल लिहिला चंद्रचूड यांनीच. तर्क असा की प्रत्येक जागेवर काय झालं हा पुराव्याचा प्रश्न आहे, सरसकट सगळीकडे धाकदपटशा झाला असं धरता येत नाही, ज्याची तक्रार आहे त्याने त्या जागेपुरती निवडणूक याचिका करावी, त्यासाठी ३० दिवस दिले. कायद्याच्या दृष्टीने बिनतोड. पण जो माणूस फॉर्म भरायला बीडीओ ऑफिसपर्यंत पोचू शकला नाही तो कोर्टात जाऊन साक्षीदार उभे करेल, त्याच गावात राहून? माझ्या त्या सूचकाला विचारा, येईल का तो साक्षीला.

म्हणून २०२१ ला जेव्हा तृणमूल त्याच चंद्रचूड साहेबांसमोर उभी राहिली तेव्हा बिनविरोध ११२ जागांबद्दल फार बोलण्यात अर्थच उरला नव्हता, २०१८ ला तृणमूलने स्वतः आपल्या राज्यात त्याच दाराला कुलूप लागताना बघितलं होतं आणि तेव्हा टाळ्या वाजवल्या होत्या. मग उरली फक्त २२२ जागांच्या मतदानाची तारीख. वकिलांनी जे मागितलं ते मागण्यासारखं तेवढंच शिल्लक होतं असं माझं मत आहे, आणि ते अशा ठिकाणी मागितलं जिथे मिळायची शक्यता सगळ्यात कमी, अवमान याचिकेच्या ओघात, दीड दिवस आधी.

निकाल २८ नोव्हेंबरला. ३३४ पैकी ३२९ भाजप. आगरतळ्यात ५१ पैकी ५१. सीपीएम ३, तृणमूल १, आणि तिप्रा मोथा हा आदिवासींचा प्रादेशिक पक्ष, त्याला १. म्हणजे लढत झालेल्या २२२ मध्येही फक्त ५ जागा विरोधकांना, तृणमूलला मतं मात्र १६ टक्क्यांवर. या आकड्यांवरून कुणी म्हणेल की बघा सगळं लुटलं, कुणी म्हणेल की लोकांनाच भाजप हवं होतं, आणि दोघांनाही खोडून काढायला लागणारी गोष्ट, म्हणजे बूथमधलं सीसीटीव्ही, तेच नव्हतं.

परवा एका ज्युनियर वकील मुलीने मला विचारलं, सर मग तुम्ही काय मागितलं असतं? मी तिला म्हटलं, तारीख तर अजिबात नाही. ४ नोव्हेंबरला सकाळी, म्हणजे अर्जाची मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी, हायकोर्टात, आगरतळ्यातच, दिल्लीत नाही. ज्या वॉर्डात एकच अर्ज आलाय तेवढ्याच वॉर्डांची यादी लावायची, तेवढ्यांसाठीच अर्जाची मुदत तीन दिवस वाढवा म्हणायचं, अर्ज जिल्ह्याच्या ठिकाणी घ्या, येताना-जाताना पोलीस सोबत द्या आणि ऑफिसच्या दारावर कॅमेरा. मतदान २५ लाच ठेवा. ढकलायला सांगतोय असं कुणाला म्हणता येणार नाही, निवडणूक नीट व्हायला मदतच मागतोय, म्हणजे अशोक कुमारच्या फटीत बसायचा प्रयत्न. ती म्हणाली, पण ४ तारखेला तर दिवाळी होती. मी कॅलेंडर उघडून बघितलं. खरंच, लक्ष्मीपूजन, कोर्टाला सुट्टी. म्हटलं, सुट्टीतल्या बेंचसमोर जायचं. ती म्हणाली, आणि २०१८ ला बंगालमध्ये मुदतवाढीचं काय झालं ते? त्यावर माझ्याकडे अजून उत्तर नाहीये, ड्राफ्ट मात्र मी करून ठेवलाय, तिला पाठवला, तिने परिच्छेद ७ वर लाल खूण करून परत पाठवलाय.